खालच्या पट्टीतला माणूस

निळू फुले यांचे १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निधन झाले. आज माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींनी त्यांचा एखादा चित्रपट सलग पाहिलेला असतोच असे नाही; त्यांना ठाऊक असते ती त्यांची नक्कल. घोगरा आवाज, किंचित कललेली मान, अर्धवट मिटलेले डोळे आणि कुणा बाईला वाड्यावर येण्याचे फर्मान. स्नेहसंमेलनांपासून दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांपर्यंत ही नक्कल इतकी वापरली गेली आहे की एका मोठ्या नटाची चार दशकांची कारकीर्द तिच्यात विरून गेल्यासारखी वाटते. नकलाकारांवर रागावण्यात अर्थ नाही. नक्कल होणे ही लोकप्रियतेची पावतीच होय. माझी तक्रार निराळी आहे. या नकलांमध्ये आवाजाची पट्टी चुकते. नकलाकार ती चढवतात. फुल्यांनी ती उतरवली होती.

हे उतरवणे मला विशेष वाटते ते त्यांच्या घडणीमुळे. फुले आले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून. पुण्यातील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करता करता ते लोकनाट्याकडे वळले आणि शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने त्यांना नाव मिळवून दिले. उघड्या मैदानातल्या खेळात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा, तर तो फेकावाच लागतो. वगातल्या नटाला कुजबुजण्याची चैन परवडत नाही. असा नट १९६८ मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मध्ये झेलेअण्णा होऊन पडद्यावर येतो आणि पुढच्या काही वर्षांतच त्याला उमगते, की येथे शेवटची रांग कॅमेऱ्यापाशीच बसलेली आहे. लोकनाट्याची वेळ साधण्याची हुकमत त्यांनी राखली. फेक तेवढी टाकून दिली. अनेक चांगल्या रंगनटांना हे आयुष्यभर जमत नाही.

‘सामना’ (१९७४) हा जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची. पुढच्या वर्षी तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी गेला, हे आपण अभिमानाने सांगतो; पण त्यात हिंदुराव धोंडे पाटील बोलतो कसा, याकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. हिंदुराव हा साखरपट्ट्यातला सत्ताधीश. गावात येऊन पडलेल्या एका दारुड्या मास्तरला तो आसरा देतो, खाऊपिऊ घालतो, आणि तो मास्तर – डॉ. श्रीराम लागू – मारुती कांबळे नावाच्या बेपत्ता माणसाविषयी विचारू लागतो. रूढ ग्रामीण चित्रपटात येथे पाटलाने मिशीला पीळ भरून गरजायला हवे होते. फुल्यांचा हिंदुराव आदरातिथ्य करतो. त्याच्या बोलण्यात आर्जव असते, थोडी थट्टा असते आणि समोरच्याचा निर्णय आपण आधीच घेऊन ठेवला आहे याची निवांत खात्री असते. ज्याचा शब्द पाळला जाणारच आहे त्याला तो मोठ्याने उच्चारावा लागत नाही. सहकारातून उभ्या राहिलेल्या नव्या सत्तेचे हे ध्वनिशास्त्र मराठी कादंबरीलाही इतक्या नेमकेपणाने टिपता आलेले नाही, असे माझे मत आहे. कोणी ते खोडून काढले तर मला आनंदच होईल.

याची खातरजमा मला घरात झाली. माझे वडील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. परिसरातल्या एका पुढाऱ्याच्या सत्कारासाठी मुलांना भर उन्हात रस्त्याच्या दुतर्फा उभे करायला त्यांनी नकार दिला. दोन दिवसांनी तो गृहस्थ स्वतः शाळेत आला. खुर्ची नाकारून बाकावर बसला, चहा घेतला, माझ्या आजीच्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि उठताना अगदी हळू म्हणाला, “गुरुजी, तुमच्यासारख्या तत्त्वाच्या माणसांची आडबाजूच्या शाळांना फार गरज आहे बघा.” आठवड्याभरात बदलीचा हुकूम आला. पुढे तालुक्याच्या गावी ‘सामना’ लागला तेव्हा वडील आम्हाला घेऊन गेले. परतताना बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “आवाज अगदी तस्साच.” मी तेव्हा लहान होतो. मला चित्रपटातला खलनायक पुरेसा दुष्ट वाटला नव्हता.

हिंदुरावाच्या आधी, १९७२ मध्ये, फुल्यांनी रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’ केला होता. दिग्दर्शक कमलाकर सारंग, सोबत चंपेच्या भूमिकेत लालन सारंग. नाटकावर बंदी आली, प्रकरण न्यायालयात गेले. तो इतिहास वाचकांना परिचित आहे. तेंडुलकरांचा हा दोनदा आलेला संबंध मला योगायोग वाटत नाही. माणसातली हिंसा बोलण्याच्या आड कशी दडते हे लिहिणाऱ्या नाटककाराला असाच नट हवा होता.

मात्र ज्या भूमिकेमुळे मला फुले पुरते कळले असे वाटते, ती ‘सिंहासन’ (१९७९) मधील दिगू टिपणीसची. पुन्हा पटेल, पुन्हा तेंडुलकर. आधार अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांचा. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि लागूंचा विश्वासराव दाभाडे यांच्यात सत्तेचा डाव रंगलेला. आणि पत्रकार दिगू या सगळ्यांच्या मधून हिंडतो. हिंदुराव ज्या टोकाला बसतो त्याच्या अगदी समोरच्या टोकाला दिगू आहे. तो ऐकतो. मंत्री बोलतात, मध्यस्थ बोलतात, कामगार पुढारी बोलतो आणि दिगूच्या चेहऱ्यावर त्या प्रत्येक बोलण्याचा थर साचत जातो. ऐकणे हा अभिनयातला सर्वांत अवघड भाग असतो, कारण तेथे नटाच्या हाती काहीच नसते. फुल्यांच्या हाती त्यांचे जड पापण्यांचे डोळे होते. शेवटी दिगूला जे वेडे हसू फुटते ते त्यामुळेच अंगावर येते. चित्रपटभर कोंडलेला आवाज तेथे पहिल्यांदा बाहेर पडतो, आणि त्यात शब्द नसतात.

हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांना फारसे ओळखले नाही. ‘कुली’ (१९८३) मध्ये ते आहेत, पण ते कुणीही असते तरी चालले असते. अपवाद महेश भट्ट यांच्या ‘सारांश’चा (१९८४). त्यातला गजानन चित्रे हा राजकारणी हिंदुरावाचा मुंबईकर भाऊबंद म्हणावा असा आहे. मराठीतही पुढे सुमार चित्रपटांची रांग लागली. बेरकी सरपंच, पाताळयंत्री पाटील, पुन्हा सरपंच. बायाबापड्या त्यांना पाहून बोटे मोडत, असे किस्से सांगितले जातात. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंच्या बरोबरीने नाटकाचे प्रयोग करणाऱ्या आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वावरणाऱ्या या साध्या राहणीच्या सेवादलीयाच्या वाट्याला ते शिव्याशाप यावेत, यातली गंमत त्यांना नक्कीच कळत असणार. तरीही त्या सुमार चित्रपटांबद्दल मला हळहळ वाटते. एका अचूक निरीक्षणाचा तेथे साचा झाला आणि नकलाकारांनी उचलला तो हा साचा.

माझ्यापाशी ‘सामना’ची जी प्रत आहे तिचा ध्वनी खरखरीत आहे. हिंदुराव बोलू लागला की शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवावा लागतो. तो तसाच राहिला, की थोड्या वेळाने मारुती कांबळेविषयीचा मास्तरचा प्रश्न खोलीभर घुमतो.