पुनर्वसूतला आठवडा : वाचलं, पाहिलं, रांधलं



गेला आठवडा शेतात पाऊल टाकता आलं नाही. पुनर्वसूचा तरणा पाऊस तो, लागला की लागला. सोयाबीन २१ दिवसांचं झालंय, ओळींत तण वर आलंय आणि वाफसा काही येईना. सौ. माहेरी गेली ती पुलावर पाणी आल्यानं तिकडंच अडकली. घरात मी, पोरगा आणि माय. म्हणून या वेळच्या नोंदीत काय वाचलं, काय पाहिलं आणि चुलीवर काय शिजलं, एवढंच.

वाचायला महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' काढला. १८८३ सालचं लिखाण. एकेक वाक्य इतकं लांब की वाचताना धाप लागते. पण एके ठिकाणी ते सरकारला सुचवतात की लष्करातल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या शिपायांकडून जागोजाग तालीसारखे बंधारे घालून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरून मग ओढ्या-नाल्याला मिळेल. हे वाचलं, पुस्तक पालथं घातलं, पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आन् धुऱ्याधुऱ्यानं निघालो. आपल्या रानातलं पाणी नेमकं जातंय कुठं? इतकी वर्षं शेती करतोय, पण भर पावसात पाण्यामागं कधी चाललो नव्हतो.

पाणी वरनं, विहिरीकडनं येतं, ओळींमधून धावतं आणि खालच्या धुऱ्याला तुंबतं. चहासारखं गढूळ. रानातली माती, टाकलेलं खत, फवारलेलं जे काही असेल ते, सगळं तिथं गोळा होतं. आणि त्याच धुऱ्यावर कुर्डू, तरोटा, केन्याची हिरवीगार दाटी. तिथं उभा राहिलो आणि गेल्या वर्षीची गोष्ट आठवली. आजवर इथं लिहिली नाही. लाज वाटायची.

दोन वर्षांखाली बैलजोडी विकली. कोळपं गोठ्यात पडून राहिलं. निंदायला बाया मिळेनात, म्हणून तणनाशकावर आलो. गेल्या वर्षी फवारलं त्या दिवशी मायला काही बोललोच नाही. सांगायला पाहिजे, हेच डोक्यात आलं नाही. आपण ज्याला तण म्हणतो ती तिच्या लेखी भाजी. दुसऱ्या दिवशी तिनं खालच्या धुऱ्यावरनं ओटाभर कुर्डू खुडून आणला, तीन पाण्यांनी धुतला, शिजवला. पण आंतरप्रवाही औषध पानाच्या आत शिरलेलं असतं, ते धुऊन कसं निघणार? आम्ही पाहुण्याकडं गेलो होतो, तिनं एकटीनंच खाल्लं. रात्री उलट्या सुरू झाल्या. तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच विचारलं, कोणतं औषध मारलंय? डबा आणलाय का, त्याच्यावरचा कागद? डबा मी ओढ्यात फेकला होता. कागद न वाचताच गेला. "ते सोयाबीनचं," एवढंच मला सांगता आलं.

दोन दिवस सलाईन लागून ती बरी झाली. त्या औषधानंच झालं असं कुणी ठाम म्हणालं नाही, "होऊ शकतं" म्हणाले. मायनं त्यावर आजतागायत एक शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून या आठवड्यातलं माझं खरं वाचन दुसरंच. यंदाच्या डब्याचं पत्रक. अक्षरं मुंगीएवढी. शेवटी मोबाईलमध्ये फोटो काढला, मोठा केला आणि ओळ न् ओळ वाचली. इमॅझेथापायर १० टक्के, हेक्टरी १ लिटर म्हणजे एकरी ४०० मिली, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत, तण दोन-तीन पानांवर असताना. विषबाधा झाली तर काय करायचं तेही आहे. डब्यावरचा रंगीत त्रिकोण आपण बघतो, पण तांबडा सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा हे किती जणांना माहीत आहे? गेल्या वर्षीचं औषध हेच होतं का, मला अजूनही सांगता येत नाही.

पाहण्यात एकच आलं, मंगेश हाडवळेंचा 'टिंग्या'. २००८ चा सिनेमा, जुन्नरकडचा, बटाट्याच्या शेतकऱ्याचा. पोराला मोबाईलवर लावून दिला. बैल जायबंदी होतो, बाप विकायला निघतो आणि पोरगं विचारतं की म्हाताऱ्या नानीला दवाखाना, मग बैलाला खाटीक का? आमच्या पोरानं मान वळवून रिकाम्या गोठ्याकडं बघितलं. मी चुलीत फुंकर घालत बसलो. लाकडं ओली होती, धूर फार झाला होता.

आता रांधण्याचं. मायला दिसायला कमी झालंय, पण भाजी ती बोटांनी ओळखते. मी विहिरीकडनं जे उपटून आणेन ते हातात घेऊन निवडायची. "आरं, देठापाशी लव हाय का बघ. तांबूस लव लागली की केना." केन्याची पानं अख्खी ठेवायची, बेसनात ओवा, तिखट, मीठ घालून बुडवायची आणि तळायची. पोरानं अकरा भजी खाल्ली. तरोट्याचा कोवळा शेंडाच घ्यायचा, उकडून पिळायचा, नाहीतर कडू लागतो. घोळ वरणात टाकली, आंबटपणा आला, चिंच लागलीच नाही.

शुक्रवारी माय म्हणाली, "कुर्डू न्हाई का घावला?"

मी गप्प. मग वर विहिरीकडं जाऊन, फुलावर न आलेली कोवळी पानं बघून आणली. लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मुगाची डाळ, वाफेवर शिजवून वरनं शेंगदाण्याचा कूट. भाकरी मात्र मायनंच थापल्या, माझ्या तव्यावरच फाटतात. तिचं ताट वाढायच्या आधी मी परातीपाशी उभ्यानंच दोन घास खाल्ले. तिला दिसलं नसेल असं वाटलं होतं.

"आधी तू खाल्लास व्हय?" म्हणाली. मग म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

ठरवलंय असं. विहिरीकडचे चार गुंठे फवारायचे नाहीत, हातानं निंदायचे. तो तुकडा वर आहे, पाणी तिकडनं इकडं येतं, आणि पावसाळ्यात वारं पश्चिमेकडनं असतं, तेव्हा खाली मारलेलं औषध उडून तिकडं जायचं नाही. बाकी रानात जर फवारलं तर खालच्या धुऱ्याला तांबडी चिंधी बांधायची. मायला सांगायचं आणि भाजी खुडायला येणाऱ्या शेजारच्या बायांनाही सांगायचं. पत्रकाचा फोटो मोबाईलमध्ये राहील.

पण २० दिवस उलटलेत आणि केना आता दोन-तीन पानांवर राहिलेला नाही. अशा वेळी फवारणीचा उपयोग होईल का, जाणकार मंडळींनी खाली सांगावं. केना कोळपला तरी तुकड्याला मुळ्या फुटून परत लागतो, हेही माहीत आहे. पलीकडच्या वस्तीवर एक बैलजोडी आहे, उघडीप मिळाली की दोन दिवसांसाठी मागून बघतो. कोळप्याला तेल लावून ठेवलंय. पोरगा म्हणतोय, मी पण येतो, बैल बघायला.