धूपछांव

तुळशीबागेतल्या दुकानात, ट्यूबलाइटच्या उजेडात ती अगदी साधी दिसली. वांगी रंगाची, अंगठ्याएवढी नेलपॉलिशची बाटली. दुकानातली बाई म्हणाली, "ताई, बाहेर उन्हात धरून बघा." पायरीवर येऊन बाटली जरा तिरकी केली आणि त्या वांगी रंगाच्या पोटातून तांबं उजळलं. आजीच्या धूपछांव लुगड्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा होता, चालताना पदर असाच बदलायचा.

स्वभावानं ती झोपाळू. दोन दिवस नुसती उभी ठेवली की सगळी चमक तळाशी बसते. पोटात दोन पोलादी गोळ्या आहेत, त्यांच्या टकटकीनं ती जागी होते. पण खसाखसा हलवलेलं तिला चालत नाही, मग नखावर बुडबुडे येतात. दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी फिरवावी लागते.

ही चमक अभ्रकाची. अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात. थराच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात, म्हणून बोट हललं की रंगही हलतो. झारखंडात कोडरमा-गिरिडीहकडे जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून अभ्रकाचा चुरा वेचतात. तिथे त्याला 'ढिबरा' म्हणतात आणि वेचणाऱ्या हातांत लहान मुलांचेही हात असतात. माझ्या बाटलीतलं अभ्रक कुठलं, हे बाटलीवर लिहिलेलं नाही. ते लिहायलाच हवं.

रविवारी दुपारी आईला म्हटलं, "हात दे."

"अगं, मला कशाला या वयात?" असं म्हणत तिनं हात पुढे केलाच. जन्मभर कणीक मळलेली, भांडी घासलेली बोटं. नखांवर उभ्या बारीक रेघा, अंगठ्याचं नख विळीनं एकदा कापलेलं, ते अजून थोडं वाकडंच वाढतं.

पहिला हात फिका बसतो, मन खट्टू करतो. तिथे घाई करू नये. आधी मधोमध एक ओढ, मग दोन्ही कडांना एकेक, आणि वाळू द्यायचं. वास घरभर पसरतो, कारण तिच्यातलं इथाइल आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट उडून जात असतं. मागे उरतो तो नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा. जुन्या मूकपटांची रिळं याच पदार्थाची असत आणि भसकन पेटत. म्हणून हिला गॅसच्या शेगडीजवळ मी कधीच उघडत नाही.

दुसऱ्या हाताला तांबं वर आलं. एवढ्यात दाराची बेल वाजली, आई सवयीनं उठली आणि कडीला लागून अंगठ्यावर खळगा पडला. मी पुसायला कापूस घेतला.

"राहू दे गं. माझ्याच नखासारखं दिसतंय ते."

सोमवारी सकाळी कोथिंबीर निवडायची होती. एरवी ती स्वयंपाकघरातच पाट घेऊन बसते. त्या दिवशी ताट घेऊन गॅलरीत, उन्हात बसली होती आणि एकेक काडी मोडताना बोटं जरा जास्तच वळवत होती.