येणारी पत्रं, जाणारी पत्रं

पत्र येणं आणि पत्र जाणं ही दोन निरनिराळी कामं आहेत, हे टपालाच्या दिवसांत कुणाला समजावून सांगावं लागत नसे. येणारं पत्र पोस्टमन दारात आणून द्यायचा आणि जाणारं पत्र आपण चपला घालून कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून यायचो. पोस्टमन रोज येतोय, म्हणजे ती पेटीही रोज उघडली जात असणार, असा हिशोब कुणी करत नव्हतं. मोबाईलवर मात्र ही दोन्ही कामं एकाच पाकिटाच्या चित्राखाली बसवलेली असतात. मेल येतेय ना, मग सगळं ठीक आहे, असं आपण धरून चालतो. आणि नेमका तिथेच घोटाळा होतो बघा.

माझा भाचा रबाळ्याला टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात छोटं वर्कशॉप चालवतो. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि सहा कामगार. कंपन्यांकडून चौकशीची मेल येते, हा कोटेशन पाठवतो, मग ऑर्डर ठरते. सगळा धंदा ऑफिसच्या त्या एका ईमेलवर. गेल्या पावसाळ्यात त्यानं नवा फोन घेतला. दुकानातल्या पोरानं ऑफिसची मेल फोनवर 'लावून' दिली. तीन-चार दिवसांनी स्वारी नेरुळला माझ्याकडे आली ती तोंड पाडूनच.

"आत्या, लोकांना काय झालंय कळत नाही. कोटेशन पाठवलं तर साधी पोच देत नाहीत. पुण्याची पार्टी तर फोनसुद्धा उचलत नाही. दहा वर्षांचे संबंध गं!"

"मेल येतात ना तुला?"

"धडाधड येतात. सकाळपासून चाळीस आल्या."

"येतात ते सोड. जातात का?"

"जातात की. आमच्या अकाउंटंट बाईंना रोज पाठवतो, त्यांना मिळतात."

मी काही संगणकाची जाणकार नव्हे. आयुष्य मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलं. पण माझा स्वतःचा पत्रव्यवहार बरीच वर्षं ईमेलवर चालतो. शिवाय मुलाचं उत्तर चुकलं तर ते नेमकं कुठल्या पायरीवर चुकलं हे शोधायची सवय शाळेनं लावली आहे, ती काही निवृत्त झाली नाही. म्हटलं, आण तो फोन इकडे.

न पोचलेली मेल तीनपैकी एका ठिकाणी सापडते. आउटबॉक्समध्ये असेल तर ती आपल्या घरातूनच निघालेली नाही. सेंटमध्ये असेल आणि मागोमाग इंग्रजीत 'पोचवता आली नाही' असा निरोप आला असेल, तर बहुतेक वेळा पत्ता चुकलेला असतो किंवा समोरच्याची पेटी भरलेली असते. आणि सेंटमध्ये आहे, परतही आली नाही, तर समोरच्याला त्याचा स्पॅमचा कप्पा बघायला सांगायचं. एवढं पाहिलं की निम्मी शोधाशोध वाचते.

पत्त्यावरून आठवलं. आपल्याकडे एकाच नावाची गावं ढिगानं, त्यामुळे पत्रं भलतीकडे जायची. त्यावर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला आणि तो आखला आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी! पिनचा एखादा आकडा चुकला तरी गावाच्या नावावरून पोस्टमन पत्र शोधून पोचवतो. ईमेलच्या पत्त्यात एक टिंब चुकलं तर कुणी शोधत बसत नाही.

भाच्याच्या बाबतीत पहिला प्रकार निघाला. आउटबॉक्समध्ये अकरा पत्रं नुसती बसून होती. एकावर बोट ठेवलं तर निरोप दिसला, त्याचा अर्थ असा की हा सर्व्हर 'रिलेइंग' करू देत नाही. भाचा म्हणाला, "हे रोजच येतं. मी ओके दाबून टाकतो." आता बोला!

या रिलेइंगमागे एक गोष्ट आहे. ईमेल पाठवण्याच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. तेव्हा नेटवर्कवर होती ती मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्था, बहुतेक एकमेकांच्या ओळखीतली. त्यामुळे पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारावा हे त्या नियमांत नव्हतंच. आपली पेटी उघडून पत्रं वाचायला किल्ली हवी, पण पत्र टाकायला किल्ली कशाला? आपली लाल पेटी तरी कुठे विचारते, तू कोण म्हणून? कुणीही कुठल्याही सर्व्हरकडे पत्र द्यावं आणि त्यानं ते पुढे पोचवावं, याला रिले म्हणत.

या भोळेपणाचा व्हायचा तो फायदा घेतला गेला. जाहिरातवाले आणि लबाड लोक परक्या सर्व्हरवरून लाखो पत्रं सोडू लागले. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून, आणि त्याच सुमारास हा उपद्रव जगभर वाढत होता. मग १९९८ मध्ये पत्र देण्यासाठी ५८७ क्रमांकाचं वेगळं दार ठरलं. १९९९ मध्ये पाठवणाऱ्यानं ओळख पटवायची पद्धत लिहिली गेली. जुनं २५ क्रमांकाचं दार सर्व्हरांनी आपसात वापरायचं, असं झालं. थोडक्यात, लाल पेटीची रजिस्टरची खिडकी झाली. आधी पाठवणाऱ्याचं नाव सांगा, मग पत्र द्या. (रजिस्टर पोस्टही आता वेगळं उरलं नाही म्हणा, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. असो.)

आता अकाउंटंट बाईंचं कोडंही उलगडलं. त्यांचा पत्ता भाच्याच्याच ऑफिसचा, म्हणजे त्याच सर्व्हरच्या घरातला. घरच्या माणसाचं पत्र सर्व्हर ठेवून घ्यायचा. बाहेरच्या पत्त्यावरचं आलं, की म्हणायचा, तुझी ओळख नाही, मी नेणार नाही.

मग फोनच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे येणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा आणि जाणाऱ्या मेलचा वेगळा लिहिलेला असतो. येणाऱ्याच्या खाली नाव आणि पासवर्ड भरलेला होता. जाणाऱ्याच्या खाली तेच दोन रकाने रिकामे, आणि त्यात फिक्या अक्षरांत 'ऑप्शनल' असं लिहिलेलं! दुकानातल्या पोरानं ते वाचून सोडून दिलं असणार. त्याला तरी काय दोष द्यायचा? ऐच्छिक म्हटलं की आमचे विद्यार्थीही तो प्रश्न सोडूनच देत. पण आज जवळजवळ प्रत्येक ऑफिसच्या मेलसाठी हे रकाने सक्तीचेच आहेत, मग त्यावर काहीही लिहिलेलं असो. आम्ही नावाच्या जागी ईमेलचा पूर्ण पत्ता घातला, पासवर्ड घातला, पोर्ट ५८७ केलं. पहिली चाचणी माझ्या पत्त्यावर, नुसतं 'नमस्कार' लिहून. टिंग! लगेच आली. मागोमाग आउटबॉक्समधली अकरा पत्रं एकेक करून निघाली.

प्रत्येक वेळी हेच कारण असेल असं नाही. ऑफिसचा पासवर्ड बदलला, की काही फोनवर येणाऱ्याचा बदलतो आणि जाणाऱ्याचा जुनाच राहतो. घरच्या वायफायवर जात नसेल तर मोबाईल डेटावर पाठवून बघावं. तिथून गेली तर अडथळा वायफायच्या बाजूला आहे, कारण पुष्कळ इंटरनेट कंपन्या २५ क्रमांकाचं दार बंद ठेवतात. नुसतं पत्र जातं आणि ड्रॉइंग जोडलं की अडतं, तर वजन बघावं. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि जोडलेली फाईल वाटेत साधारण एक तृतीयांशानं फुगते. पत्ता जीमेलचा आणि ॲप दुसऱ्याचं असेल, तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. मे २०२२ च्या अखेरीपासून गुगलनं ते बंद केलं. तिथे गुगलमार्फतच साइन इन करावं लागतं किंवा वेगळा 'ॲप पासवर्ड' घ्यावा लागतो.

पुण्याची ऑर्डर मात्र गेली. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली आणि भोसरीतल्या दुसऱ्याला काम दिलं. त्यांच्या लेखी आमच्या भाच्यानं त्यांच्या चौकशीला उत्तर द्यायची तसदी घेतली नव्हती. इकडे हा म्हणत होता, बघा लोक कसे बदलतात! दोघंही रागावलेले, दोघांचीही बाजू बरोबर, आणि मधल्या मध्ये अकरा पत्रं आउटबॉक्समध्ये मुकाट बसलेली. सोमवारी भाच्यानं फोनवर फोन करून शेवटी सगळा प्रकार त्यांच्या कानावर घातला. ते हसले म्हणे. पुढच्या चौकशीत तुमचंही नाव घालतो म्हणाले. चौकशी आली, ऑर्डर अजून यायची आहे.

माझ्या वयाच्या माणसांना ही गोष्ट जरा जास्त लागते. येणारं आम्हाला खूप येतं. फोटो येतात, सुविचार येतात, नातवंडांचे व्हिडिओ येतात. आपण काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, की मन लगेच निकाल देऊन मोकळं होतं, आता आपली कुणाला गरज नाही म्हणून. कधी कधी ते खरंही असतं. पण आपला निरोप घरातून निघाला होता का, हे आधी बघायला काय हरकत आहे?

तेव्हा मंडळी, नवा फोन घेतलात किंवा पासवर्ड बदललात, की एक मेल आपल्या ऑफिसबाहेरच्या कुणाला तरी पाठवा आणि मिळाली का ते फोन करून विचारा. कुणी नसेल तर मला पाठवा. मी पोच नक्की देईन.