झाशीच्या मांडवात कोणते सूर?

झाशी स्थानकाचे नाव 2021च्या अखेरीस ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ झाले. तिथे गाडीतून उतरलेला मराठी प्रवासी आधी किल्ला पाहतो, राणीमहाल पाहतो आणि ओरछाची वाट धरतो. शहरातले गणेश मंदिर मात्र अनेकांच्या यादीत नसते. 1842 मध्ये याच मंदिरात मणिकर्णिका तांबे आणि गंगाधरराव नेवाळकर यांचा विवाह झाला आणि मनूची लक्ष्मीबाई झाली. भटजी गाठ बांधू लागले तेव्हा ‘‘गाठ चांगली पक्की बांधा,’’ असे नवरीनेच बजावले, ही कथा इथे अजून सांगितली जाते.

नारो शंकर 1742 मध्ये झाशीचे सुभेदार झाले. मराठी अंमलात आलेली कितीतरी कुटुंबे इथलीच होऊन गेली. गंगाधररावांना तर नाटकाचा भारी शौक. त्यामुळे या गावाला मराठी सूर परका नाही. पण आज झाशीतल्या मराठी घरात लग्न ठरले, की पहिला पेच पडतो तो वाजंत्रीचाच. वरपक्ष मराठी, वधूपक्ष हिंदीभाषक किंवा याच्या उलट. मुले म्हणतात, डीजे हवा. मामा म्हणतात, सनई हवी. आणि आजी विचारते, ‘‘मंगलाष्टके कोण म्हणणार?’’

आजीचा प्रश्न

आजीचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. घरात नातवंडे आपसात हिंदी बोलतात. अशा घरी मंगलाष्टके ही कधी कधी लग्नातली शेवटची मराठी उरते. त्यांची चाल बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्ताची. ओळीत 19 अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर विसावा. ऐकून ऐकूनच ती गळ्यात बसते. बाजारात ध्वनिमुद्रित मंगलाष्टके मिळतात आणि ती गोडही असतात. पण घरच्या कडव्यात वधूवरांची, आईवडिलांची, कधी दिवंगत आजोबांची नावे गुंफलेली असतात, ती तयार मुद्रणात कुठून येणार?

शिवाय मुहूर्त गाठायचा असतो. शेवटचे कडवे नेमक्या घटकेला संपावे, म्हणून म्हणणारा कधी सूर लांबवतो, कधी आवरता घेतो. यंत्राला हे जमत नाही.

बँडवाल्यांचीही इथे एक गंमत होते. उत्तरेकडच्या लग्नात वरमाला बहुतेक रात्री, गाण्यांच्या गजरात पडते. मराठी लग्नात माळ पडते ती मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर झाल्यावर. हे आधी सांगून ठेवले नाही, तर ऐन कडव्यात ढोल दणाणू लागतो आणि ‘सावधान’ कुणाला ऐकूच येत नाही.

पहिले आमंत्रण हरदौलला

दुसऱ्या बाजूला बुंदेलखंडाची स्वतःची श्रीमंती आहे. ओरछाचा राजा जुझारसिंह याने संशयापोटी आपल्या धाकट्या भावाला, हरदौलला, विष देवविले, अशी लोककथा आहे. पुढे बहीण कुंजावतीच्या मुलीच्या लग्नात हा मेलेला मामा आहेर घेऊन हजर झाला म्हणतात. म्हणून इथे लग्नाचे पहिले आमंत्रण लाला हरदौलला देतात आणि बायका त्याची गाणी म्हणतात. ढोलकीच्या ठेक्यावर बन्ना-बन्नी रंगते. रमतूला हे तुतारीच्या जातीचे वाद्य वरातीची वर्दी देते.

वऱ्हाडी जेवायला बसले, की वधूकडच्या बायका ‘गारी’ गातात. म्हणजे चक्क गाण्यातून शिव्या! व्याह्याच्या मिशीपासून विहिणीच्या नखऱ्यापर्यंत कुणालाही सोडत नाहीत. मराठी पाहुणे आधी दचकतात. पण आपल्याकडेही विहिणीच्या पंगतीत आणि रुखवताच्या गाण्यांत टोमणे असतातच की! ही ओळख पटली, की दोन्हीकडच्या बायका एका जाजमावर बसतात आणि सोयरीक खरी तिथे जुळते.

ठरवताना एवढे करा

दोन्ही घरांतल्या ज्येष्ठ बायकांना महिनाभर आधी एकत्र बसवा आणि कोणत्या विधीला कोणते गाणे, याची यादी करा. मंगलाष्टके देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि घरातल्या दोन मुलांकडून ती पाठ करून घ्या. अक्षता पडण्यापूर्वी संपूर्ण शांतता आणि पडताच सनई-चौघडा किंवा बँड, असा निरोप वाजंत्र्यांना स्वतः द्या. सप्तपदीला ध्वनिक्षेपक बंदच बरा, कारण तिथे मंत्र ऐकू यायला हवेत. झाल होताना वाद्ये नकोत. तिथे एकाच बाईचा कातर आवाज पुरतो. रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला 2000च्या नियमांनी बंदी आहे, तेव्हा नाचगाणे त्याआधी उरकावे.

मार्गशीर्षात झाशीला जाणे झाले, तर 16 ते 18 किलोमीटरवरच्या ओरछाला जरूर जावे. विवाहपंचमीला रामराजा मंदिरातून खुद्द रामाची वरात निघते. लग्न घरचे असेल, तर एक पत्रिका झाशीच्या गणपतीपुढे ठेवावी, दुसरी ओरछात हरदौलपुढे ठेवावी आणि मग बँडवाल्याला विसार द्यावा.