संपली

साडेदहा वाजले होते. नाशिकच्या पंचवटीतल्या त्या गल्लीत आम्ही पोचलो तेव्हा पातेलं घासून ओट्यावर पालथं घातलेलं होतं आणि काका बाकडी पुसत होते. "संपली," ते म्हणाले. "उद्या आठाच्या आत या."

आदल्या रात्रीच मुंबईहून कसारा घाट चढून आलो होतो. महामार्गावरच्या त्या झगझगीत पाट्यांखाली कधीच काही संपत नाही. मध्यरात्री जा, पहाटे जा, तोच बर्गर, तीच कॉफी. पोरं भुकेनं रडत असताना तिथल्या उजेडानं आणि स्वच्छ प्रसाधनगृहांनी मला कितीदा तरी तारलंय, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण तिथं खाल्लेला एकही घास आठवत नाही. घोटीच्या आसपास भाताची एवढी खाचरं, पण महामार्गावर जेवून पुढं निघालेल्याच्या जिभेला त्याचा पत्ता लागत नाही.

या गल्लीचा ठिकाणा गोदाघाटावर मिळाला. इथे चांगलं काय मिळतं, असं विचारलं की लोक नाव झालेल्या दुकानाकडे बोट दाखवतात. म्हणून फुलं विकणाऱ्या मावशींना विचारलं, "मावशी, तुम्ही स्वतः नाश्ता कुठं करता?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, हातातली शेवंती टोपलीत ठेवली आणि कोपऱ्यापर्यंत चालत येऊन रस्ता दाखवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सव्वासातला बाकड्यावर जागा मिळाली. शेजारी दुधाचे कॅन घेतलेला एक जण, समोर शाळेच्या गणवेशातली मुलगी आणि तिचे आजोबा. मिसळ आली. खाली मोडाची मटकी, वर शेव, वेगळ्या वाटीत काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, पाव. खोबरं आणि कांदा करपण्याच्या अगदी काठापर्यंत भाजले की जो रंग येतो, तो त्या रश्श्याला होता. पहिला घास गोडसर लागतो. तिखट मागून येतं, सावकाश, आणि मग कानामागं घाम फुटतो. मटकी दाताखाली किंचित कुरकुरली पाहिजे, ती कुरकुरली.

"जास्त का करत नाही?" मी विचारलं. काका रस्सा वाढता वाढता म्हणाले, "मटकीला मोड माझ्या सांगण्यानं येत नाहीत. रात्री भिजवायची, सकाळी फडक्यात बांधायची, दुसऱ्या सकाळी मोड. परवाचं गिऱ्हाईक मला आज मोजावं लागतं." नंतर म्हणाले, "रविवारी आहात का?"

आम्ही शनिवारी निघणार होतो. काही बोललो नाही.

दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूला गेलो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस या भागात सुला या वायनरीचे द्राक्षवेल लागले, 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिकच्या आसपास लहानमोठ्या वायनरी उभ्या राहिल्या. मोठ्या ठिकाणी गर्दी होती. आम्ही पुढच्या कच्च्या रस्त्यानं एका लहानशा वायनरीत शिरलो. चाखायला देणारी मुलगी जवळच्याच गावची. शेनिन ब्लांक ओतताना म्हणाली, "आधी वास घ्या." पिकल्या पेरूचा वास होता, माझ्या आजोळच्या परसातला.

तिनंच वेलींचं सांगितलं. युरोपात थंडीत वेल झोपी जातो, आपल्याकडे त्याला झोप लागत नाही. म्हणून दोन छाटण्या, एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. पीक मात्र एकच, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. "आमच्या घरात कुणी पीत नाही," ती म्हणाली, "पण तो समोरचा वेल माझ्या आईनं बांधलाय." मी तिकडं बघत राहिलो. तारेवर सुतळीच्या गाठी होत्या, एका मापाच्या.

"शिराझ मिळेल?"

"संपली. मागच्या हंगामात अवकाळी पावसानं घड कमी आले. आता पुढच्या वर्षीची."

दोन दिवसांत, दोन माणसांच्या तोंडून तोच शब्द. दोघांच्याही आवाजात ओशाळेपणा नव्हता. मटकीचा असो की द्राक्षाचा, जेवढा जीव होता तेवढा दिला होता.

परतताना दिवेलागण झाली होती. गाडी मुक्कामाकडे न वळवता पंचवटीत घेतली. काकांचं दार अर्धं ओढलेलं होतं. आत दिव्याखाली ते सुपात मटकी निवडत बसले होते, खडे बाजूला काढत.

मी वाकून आत पाहिलं. "काका, रविवारी आहोत आम्ही. चौघं."

त्यांनी मान हलवली, डब्यात हात घातला आणि आणखी चार मुठी मटकी सुपात टाकली.