पहिला महिना मार्च

पुण्यातल्या माझ्या आधीच्या नोकरीत आमच्या टीमकडे वंशावळीच्या एका परदेशी सॉफ्टवेअरचं काम होतं. लोक आपल्या घराण्याची माहिती भरतात, जुन्या नोंदींचे फोटो जोडतात आणि स्क्रीनवर झाड उगवतं. तिथं रुजू होऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच एक जुना बग माझ्या गळ्यात आला. पेनसिल्व्हानियातल्या एका मुलीचा जन्म मूळ वहीत '12वा दिवस, 1ला महिना, 1701/2' असा लिहिलेला होता. आमचं सॉफ्टवेअर त्याचं 12 जानेवारी 1701 करत होतं. तक्रार करणाऱ्या बाईंचं म्हणणं, ही तारीख 12 मार्च 1702 आहे. टीममधल्या कुणीतरी 'युजरची चूक' असं लिहून प्रकरण मिटवायच्या बेतात होतं.

बाई बरोबर होत्या. इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत 1752च्या आधी नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे पहिला महिना मार्च. जानेवारीपासून 24 मार्चपर्यंतच्या दिवसांना जुनं आणि नवं अशी दोन्ही वर्षं तिरकी रेघ मारून लिहायची पद्धत होती. 31 मार्चला हिशेब मिटवणाऱ्या देशातल्या माणसाला हे फार परकं वाटू नये. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नावांतले सप्त, अष्ट, नव, दश तेव्हा कुठे मला ऐकू आले. मार्चपासून मोजलं की आकडे बरोबर जुळतात.

पण त्या मुलीच्या घरच्यांनी सरळ महिन्याचं नाव का लिहिलं नाही? कारण ते क्वेकर होते. जानेवारी हा जेनस देवाचा, बुधवार वोडेन देवाचा, मग ही नावं तोंडात कशाला घ्या, असा त्यांचा खाक्या. वार आणि महिने सगळे नुसत्या आकड्यांनी.

बग दोन दिवसांत सुटला. मी मात्र त्या वह्यांत अडकलो तो अडकलोच. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या भोवती जमलेले हे लोक. पुरोहित नको, कर्मकांड नको, राजासमोरही टोपी काढायची नाही. सभेत गप्प बसायचं आणि आतून वाटलं तरच बोलायचं. विल्यम पेनला 1681मध्ये अमेरिकेतल्या मुलखाची सनद मिळाली आणि यातली बरीच घराणी तिकडे गेली. पुरोहितच नाही म्हटल्यावर जन्म-लग्न-मृत्यू कोण लिहिणार? मग त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं, आणि असं लिहिलं की विचारू नका.

लग्नाचंच बघा. नवरा-नवरी सभेत उभे राहून आपल्या तोंडानं वचन देतात. त्याचा कागद होतो आणि हजर असलेले सगळे त्यावर सह्या करतात. काका, मावश्या, शेजारीपाजारी, बायकासुद्धा, आपापल्या नावानं. एखादं कुटुंब दुसऱ्या गावी चाललं की जुनी सभा नव्या सभेच्या नावे पत्र देते: माणसं चांगली आहेत, कर्ज नाही, लग्नाची भानगड नाही. आपला शाळा सोडल्याचा दाखला म्हणा ना. वसाहतीतलं एखादं क्वेकर घराणं शोधायचं म्हणजे मुख्यतः या दाखल्यांच्या मागे जायचं. एका वहीतून माणूस गायब झाला की पुढच्या वहीत तो उगवतो. बाहेरच्याशी लग्न केलं की सभेतून काढून टाकायचे. 1776नंतर फिलाडेल्फियाकडच्या सभांनी गुलाम बाळगणाऱ्यांनाही काढायचं ठरवलं. आणि हे काढून टाकणंसुद्धा तारीखवार लिहिलेलं असायचं. वाळीत टाकलेल्या माणसाचा माग त्याला वाळीत टाकणाऱ्या कागदावरूनच लागतो, याची मला गंमत वाटली होती. तेव्हा गंमतच वाटली होती.

कोल्हापुरात क्वेकर कुठून येणार! पण हात साफ करायला एखादं मिशनरी घराणं चालेल, म्हणून गणपतीला घरी आलो तेव्हा वाइल्डर घेतले. वाइल्डर मेमोरियल चर्चवरून मी शेकडो वेळा गाडी नेली असेल. हे वाइल्डर क्वेकर नव्हते. रॉयल गूल्ड वाइल्डर अमेरिकेतल्या व्हर्मांटचे. 1846मध्ये बायको एलायझासोबत बोटीत बसले, अमेरिकन बोर्डाच्या अहमदनगरच्या मराठी मिशनमध्ये आले आणि 1852मध्ये कोल्हापुरात. शाळा काढायच्या की नुसता धर्मोपदेश करायचा, यावरून बोर्डाशी वाजलं. मध्ये ते अमेरिकेला गेले, 1861मध्ये स्वतःच्या हिमतीवर परत आले. 1870मध्ये हे मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. मुलगा रॉबर्ट 2 ऑगस्ट 1863 रोजी इथं, कोल्हापुरात जन्मला. पुढे अमेरिकन कॉलेजांतल्या पोरांना मिशनरी व्हायला लावणारी जी मोठी विद्यार्थी चळवळ झाली, तिच्या मुळाशी हा कोल्हापूरकर आहे. त्याची बायको नॉर्वेची, आणि तो वारला 1938मध्ये ऑस्लोत. मुलीनं 1941मध्ये त्याचं चरित्र लिहिलं. आई एलायझा आणि बहीण ग्रेस पुन्हा कोल्हापूरला येऊन राहिल्या होत्या.

हे सगळं फोनवर, चहा गार व्हायच्या आत मिळालं. त्या काळच्या मिशनच्या अहवालांत एलायझाबाई बहुतेकदा 'मिसेस वाइल्डर' असतात, पण जरा खणलं की नाव हाती लागतं. साहेबांना मराठी शिकवणारा मात्र अशा अहवालांत नुसता 'पंडित' असतो, पोरं सांभाळणारी नुसती 'आया'. आपल्या गावातली ही माणसं झाडावर कुठं टांगायची?

मग म्हटलं, आपलंच घर बघू. तसंही घरात वंशावळ हा शब्द रोजचा झाला होता. 2023पासून कुणबी नोंदींच्या शोधात अख्खा जिल्हा मोडी वाचणाऱ्यांच्या मागे होता. आमच्याकडे त्यात भर म्हणजे बाबा आणि काकांना पन्हाळ्याकडची शेती वाटून घ्यायची होती, आणि तलाठ्याला वंशावळ हवी होती.

काकांकडे हेळव्याचा व्हिडिओ होता. हेळवी म्हणजे आपल्या सीमाभागातला पिढीजात वंशावळ सांगणारा. सुगी झाली की बैल घेऊन यायचा, चोपडी उघडायचा, कूळ, मूळ गाव, एकेक पिढी सुरात वाचायचा आणि धान्य-पैसे घेऊन पुढच्या दाराला जायचा. व्हिडिओत तो आमच्या नऊ पिढ्या न अडखळता वाचतो. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. नऊ पिढ्या, आणि आमच्या पानावर एकही बाई नाही. कुणीच कुणाच्या पोटी जन्मलेलं नाही.

बाई सापडली डायरीत. आमच्याकडे फेरफार नोंदीला डायरी म्हणतात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या डायऱ्यांच्या नकला काढल्या, त्यात 1961ची एक नोंद. पणजोबा मयत, वारस: विधवा, दोन मुलगे, तीन मुली. हेळव्याच्या नऊ पिढ्यांत जे झालं नव्हतं ते तलाठ्यानं एका ओळीत केलं होतं. कारण साधं आहे. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं विधवेला आणि मुलींना वारस केलं, म्हणून नावं लिहावी लागली. लगेच खाली दुसरी नोंद: तिन्ही मुलींनी भावांच्या हक्कात आपला हक्क सोडला. जबाबाच्या नकलेवर निशाणी, डाव्या हाताचा अंगठा, तीनदा.

तीन आज्या. नावं इथं लिहीत नाही, घरच्या सगळ्यांना विचारलेलं नाही. पण अडचण अशी की ती नावं घरात कुणाला ओळखूच येईनात. बाबा म्हणाले, "अशा नावाची आपल्यात कोण नव्हती." काका म्हणाले, "तलाठ्यानं कायबी लिवलं असंल."

ओळखली आत्यानं. आत्या बाबांपेक्षा मोठी, ते तिला आक्का म्हणतात. मी लॅपटॉप उघडून तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं चष्मा लावला, मधल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही आमची थोरली आत्या की रं. हे सासरचं नाव हाय. हिकडं तिला आमी दुसऱ्याच नावानं हाका मारायचो." मग बाकीच्या दोघींची माहेरची नावं, कुठल्या गावाला दिल्या, कुणाला किती पोरं, सगळं धडाधड सांगितलं. एका आज्जीला वाचता येत होतं, हेही. अंगठा तरीही.

आमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये बाईचं लग्नाआधीचं आडनाव लिहायला वेगळा रकाना होता. आख्खं नावच बदलतं, हे ज्यांनी रकाने पाडले त्यांच्या डोक्यात कधी आलं नसावं. क्वेकरांची तारीख एका नियमानं सुटली: 1752च्या आधी पहिला महिना मार्च. इथं नियम काय लिहिणार? प्रत्येक घरात एक आत्या जिवंत पाहिजे, हा काही कोड होत नाही.

आणि नेमक्या याच आत्याची सही बाबांना आणि काकांना हवी होती. हक्कसोडपत्रावर. माझे बाबा वाईट माणूस नाहीत. बहिणीच्या प्रत्येक बाळंतपणाला, प्रत्येक दवाखान्याला धावले आहेत. त्यांच्या लेखी बहिणीनं शेतीत वाटा मागणं म्हणजे माहेर तोडणं. साडीचोळी आयुष्यभर, वाटा नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला करार. 2005च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क जन्मानं दिला, आणि बाप 2005च्या आधी वारला असला तरी तो हक्क राहतो हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020ला स्पष्ट केलं. मी हे जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे." आणि आमटी वाढून घेतली.

आत्याला बाहेर सोप्यात तेच सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं 'करतो, येतो' बोलणारी ही बाई. म्हणाली, "मला समद्यांनी इचारलं, सही कवा करतीस. करतीस का, असं तू पयला."

"मग काय करणार आहेस?"

"बघतो." मग बराच वेळ अंगणातल्या गाडीकडे बघत बसली.

नोंदणीची तारीख अजून ठरलेली नाही. बाबा विषय काढत नाहीत, काका दर रविवारी काढतात. मी झाडात तिन्ही आज्यांची दोन्ही नावं घातली आहेत, शेरा म्हणून, कारण रकाना नाही. परवा आत्याचा फोन आला. वाट्याबद्दल, सहीबद्दल चकार शब्द नाही. पुढच्या वेळी येताना थोरल्या आत्याच्या त्या अंगठ्याची झेरॉक्स घेऊन ये म्हणाली, जरा मोठी करून, अंगठा नीट दिसंल अशी.