गाठ नसलेला कॅन्सर

आईच्या पित्ताशयातले खडे बघायला सीताबर्डीत मुंजे चौकाजवळच्या सेंटरवर सोनोग्राफी केली. खडे होतेच. शिवाय डाव्या किडनीच्या वर, अ‍ॅड्रिनल ग्रंथीत, एक मोठी सिस्ट दिसली. अशा न शोधता सापडलेल्या अ‍ॅड्रिनलच्या गाठींना डॉक्टर 'इन्सिडेंटलोमा' म्हणतात.

दुर्बिणीने सिस्ट काढली. आत जुनं, साकळलेलं रक्त. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये मात्र नाव होतं: फायब्रिन-असोसिएटेड लार्ज बी-सेल लिम्फोमा.

रक्त गोठताना प्रथिनांचं जाळं तयार होतं, ते फायब्रिन. बंद सिस्टमध्ये ते वर्षानुवर्षं पडून राहतं आणि त्या आडोशाला काही बी-पेशी वाढू लागतात. त्या पेशींत एपस्टीन-बार विषाणू असतो. 1964 साली सापडलेला हा विषाणू जगातल्या 90 टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात गुपचूप राहतो, तुमच्याही असेल. गाठ अशी नसतेच. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे पुंजके, बस्स. हृदयातल्या मिक्झोमात, मेंदूवरच्या जुन्या रक्तगुठळीतही ते असेच अवचित सापडलेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या वर्गीकरणात याला स्वतंत्र जागा मिळाली. ते बरंच झालं, कारण एरवी अ‍ॅड्रिनलचा लिम्फोमा म्हणजे मोठाली गाठ, बरेचदा दोन्ही बाजूंना, आणि वाईट बातमी.

पेट स्कॅन स्वच्छ आला. ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाले, "केमो नको. सिस्टसोबत ते निघून गेलं. फक्त तपासत राहू."

घरी मामा भडकला. "कॅन्सर आहे म्हणतात आन् औषध नाही देऊन राहिले? काहून? मुंबईला टाटात नेऊ!"

त्याचं चुकत नव्हतं. आमच्याकडे आजाराची खोली औषधाच्या चिठ्ठीवरून मोजतात. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला स्लाइड्स दाखवल्या. प्रश्न एकच होता: पेशी फायब्रिनमध्येच आहेत की सिस्टच्या भिंतीत शिरल्यात? शिरल्या नव्हत्या. त्यांचंही मत तेच पडलं. काही न करायचं ठरवायला आम्हाला ऑपरेशनपेक्षा जास्त दिवस लागले.

विम्याच्या फॉर्मवर 'कॅन्सर झाला होता का' यापुढे दोनच चौकोन असतात. मी 'हो'वर टिक केली. आई मात्र मावशीला अजून "सिस्ट होती" एवढंच सांगते, आणि मामाने कोणती गोळी चालू आहे विचारलं की म्हणते, "थायरॉइडची."

पुढचा स्कॅन मार्चमध्ये आहे. मामा सोबत येणार. फाइल त्याने स्वतःकडेच ठेवून घेतली आहे.